कोपऱ्याचा प्लॉट

गोंदियात जमिनीचा दलाल व्हायला आजवर काय लागायचं? एक मोटारसायकल, दोन मोबाइल आणि समोरच्याला गंडवून वर त्याच्याच पैशानं चहा प्यायची छाती. शिक्षण, परवाना असल्या गोष्टींचं कोणाला काही पडलं नव्हतं. मग महारेरा या सरकारी प्राधिकरणानं दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली आणि आमच्या गावातल्या भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खरं सांगते, माझ्या दहावीच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता.

त्याला कारण होतं. माझे बाबा, सेवकराम गजभिये, सौंदडला रेल्वेत ट्रॅकमन होते. उन्हातान्हात रूळ सांभाळून नोकरी काढली. निवृत्त झाल्यावर म्हणाले, आता गोंदियाजवळ एक प्लॉट घेऊ, आपलं घर बांधू. जन्म सगळा क्वार्टरमध्ये नाहीतर भाड्याच्या खोलीत गेला होता. बिरसी रोडवर, विमानतळाकडे जाताना, प्लॉट पाडलेल्या एका लेआऊटचा बोर्ड दिसला म्हणून आम्ही दोघं तिथं गेलो.

दलाल होते डोमनलाल टेंभरे. पांढरा सफारी, गळ्यात चेन, तोंडात साखर. 'आइए, आइए' करत त्यांनी खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. बाबांनी नकाशावर कोपऱ्याच्या प्लॉटवर बोट ठेवलं तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आडनाव का जी तुमचं?"

बाबांनी सांगितलं.

"अरेरे, उशीर केला ना भाऊ," डोमनलालजी म्हणाले. "सारे बुक होऊन गेले."

आम्ही गाडी सुरू करेपर्यंत मागून आलेल्या जोडप्याला ते तोच कोपरा दाखवत होते. माझं डोकं सणकलं. मी परत फिरणार, तोच बाबांनी हात धरला. "चल बाई," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी प्लॉटचं नाव काढलं नाही. पेपरात जाहिरात आली की पान उलटायचे. मला भांडता येतं, रडता येतं, पण बाबांचं ते गप्प बसणं मला सहन व्हायचं नाही. त्याच वेळी मी ठरवलं होतं की बाबांना प्लॉट मिळेल, आणि तो मान खाली घालून मिळणार नाही.

मी तेव्हा रजिस्ट्री ऑफिससमोर विक्रीपत्रं टाइप करत होते. परीक्षेचा नियम आला तशी मी लगेच फीस भरली. आई म्हणाली, "पोरीनं दलाली केली त लोकं का म्हणतील?" मी म्हटलं, लोकांना म्हणायला काय जातं! नागपूरला जाऊन परीक्षा दिली, पहिल्या खेपेला पास झाले, नोंदणी केली आणि एक छोटा गाळा भाड्यानं घेऊन त्यावर बोर्ड लावला: स्नेहल गजभिये, नोंदणीकृत एजंट. खाली नोंदणीचा नंबर.

जुने दलाल पानठेल्यावर हसायचे. "दलाली का पुस्तक वाचून होते का? हा त जिभेचा धंदा होय." मग तेही नागपूरला गेले आणि जिभा आत घालून परत आले. संगणकासमोर जीभ काय कामाची? जे दोन-चार पास झाले त्यांना मोठ्या कंपन्यांनी उचललं. मग एक दिवस बिरसी रोडच्या लेआऊटचे मालक भूपेंद्रशेठ स्वतः माझ्या गाळ्यात येऊन बसले. त्याच लेआऊटचा दुसरा टप्पा निघाला होता आणि नोंदणी नसलेल्या दलालाच्या हातून तो विकता येत नव्हता.

मी म्हटलं, "काम घेते. पण जो येईल त्याला रांगेनं प्लॉट दाखवणार. प्लॉट देताना भेदभाव करणार नाही असं तुम्ही महारेराला लिहून दिलंच आहे."

"अरे मॅडम, वो तो फॉर्मॅलिटी है," शेठ हसले.

"मेरे लिए नहीं है," मी म्हटलं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, पण शेठला त्या दिवशी होती. त्यांनी मान डोलावली.

त्यानंतर काही दिवसांनी डोमनलालजी आले. हातात संत्रा बर्फीचा डबा, चेहरा उतरलेला. दोनदा नापास झाले होते. "पोरी... मॅडम," ते म्हणाले, "मले थोडं शिकवून देता का? तीस वर्षं हाच धंदा केला. आता दुसरं का करू?"

डबा उचलून त्यांच्या अंगावर फेकावा असं मनात आलं. पण मी तापट असले तरी मूर्ख नाही. तिरोड्यापासून आमगावपर्यंत कोणाला घर पाहिजे आणि कोणाच्या मुलीचं लग्न अडलंय हे या माणसाला तोंडपाठ होतं. असा माणूस पास होऊन माझ्या हाताखाली आला तर? मी खुर्ची पुढे केली.

ते नापास का होत होते ते पहिल्याच दिवशी कळलं. प्रश्न होता, ग्राहकानं प्लॉटसाठी दिलेली रक्कम कुठे जमा करावी? त्यांनी खूण केली: दलालाकडे. प्रकल्पाची नोंदणी झाली नसेल तर एजंटानं काय करावं? खूण केली: बुकिंग सुरू करावं.

"डोमनलालजी, हे काय?"

"असंच त करतो ना आमी! खोटं कायले लिहू?"

मी कपाळाला हात लावला. जन्मभर गिऱ्हाइकाशी खोटं बोललेला माणूस परीक्षेत इमानानं खरं लिहून नापास होत होता! "जे चालतं ते नाही विचारलं," मी म्हटलं. "जे चालायला पाहिजे ते विचारलंय." हे त्यांच्या डोक्यात शिरायला बरेच दिवस लागले.

मग एका संध्याकाळी मी माझ्या मनचा एक प्रश्न घातला. ग्राहकाला प्लॉट दाखवण्याआधी एजंटानं काय विचारावं? जात, आडनाव, गाव की गरज? डोमनलालजींनी पेन उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

"हे परीक्षेत येते का?"

"नाही. हे माझ्याकडे येतं."

त्यांनी गरजेवर खूण केली. माफी काही मागितली नाही. मला माफी नकोच होती, मला बाबांचा प्लॉट पाहिजे होता.

तिसऱ्या खेपेला ते पास झाले. पानठेल्यावर पेढे वाटले, नातवंडांना प्रमाणपत्र दाखवलं, नोंदणी झाली आणि माझ्याकडे कामाला लागले. आता राहिले बाबा.

"तुह्या वशिल्यानं मी नाही घेत," बाबा म्हणाले.

"वशिला कुठला? मी तुमचा सौदा करणारच नाही. उद्या लोक म्हणतील, बापाला कोपरा दिला. तुम्हाला डोमनलालजी दाखवतील."

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तो दाखवंल?"

"दाखवावा लागेल," मी म्हटलं. वरून छातीठोक बोलले खरी, पण आतून मलाच खात्री नव्हती.

रविवारी लेआऊटवर मंडप घातला होता. दवनीवाड्यापासून लोक आले होते. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आईसोबत आले आणि माझ्याकडे न पाहता रांगेत उभे राहिले. मी मुद्दाम मंडपाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. बाबांचा नंबर आला. त्यांनी नकाशा पाहिला आणि याही वेळी कोपऱ्याच्याच प्लॉटवर बोट ठेवलं.

डोमनलालजी उठणार, तेवढ्यात भूपेंद्रशेठ मध्ये आले. आवाज बारीक करायची त्यांना सवय नव्हती. "कॉर्नर रोक के रखो. अपने लोगों का ग्रुप आ रहा है. इनको पीछे का कुछ दे दो."

मी उठले. तोंडात शिव्याच आल्या होत्या. पण मी आता ओरडले तर प्लॉट मुलीच्या ओरडण्यानं मिळाला असंच होईल, आणि मग बाबा तो घेणार नाहीत. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले. बाबांनी नकाशावरचं बोट उचललं नव्हतं.

डोमनलालजींनी रुमालानं मान पुसली. "नाही जमत, शेठजी."

"क्या नहीं जमता?"

"तीन खेपा नागपूरले गेलो मी! या उमरीत पोरासोरायच्या मंधी बसून परीक्षा देली!" आता त्यांचा आवाज शेठच्या वर चढला होता. सगळी रांग ऐकत होती. "याच्यापायी माहा नोंदणीचा नंबर गेला, मॅडमचा नंबर गेला, त का तुमी बसता का इथं प्लॉट विकत? प्लॉट मोकळा आहे आन् पाळी या भाऊची आहे. मी भाऊलेच दाखवीन."

रांगेतून कोणीतरी "बराबर आहे!" म्हणालं. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहून गोड हसले. ते फोन कानाला लावून गाडीकडे गेले.

डोमनलालजी काही एका दिवसात संत झाले नव्हते. त्यांना त्यांचा नंबर जायची भीती होती. असू दे. मन बदललं की नाही ते त्यांचं त्यांना ठाऊक, पाय मात्र बरोबर वाटेला लागले होते, आणि ती वाट मी दाखवली होती. मला त्या मंडपात नाचावंसं वाटलं.

बाबा आणि डोमनलालजी कोपऱ्यावर गेले. मीही मागून थोड्या अंतरावर गेले. वर बिरसी विमानतळावरच्या शिकाऊ वैमानिकाचं विमान घिरट्या घालत होतं. डोमनलालजी हात पसरून सांगत होते, "दोन्हीकडं रस्ता, एकदम फर्स्ट क्लास." बाबा चुन्याच्या रेघेच्या आत जाऊन उभे राहिले. चपलेनं माती उकरून पाहिली. रस्त्याकडे पाहिलं. मग मान हलवली.

"नाही जी. हा नको."

मला वाटलं, इतकं करूनही बाबांचं मन उठलं, आता पुन्हा ते गप्प होणार.

"मोडावरून गाड्या वळतील, सारी धूळ घरात येईल," बाबा म्हणाले. "दुसरा दाखवा."

डोमनलालजींनी दुसरा दाखवला. बाबांना तिथं उतार वाटला. तिसऱ्याशेजारी विजेचा खांब होता. घेणार तर ते होतेच, चेकबुक खिशात होतं. पण रेल्वेनं दिलेलं क्वार्टर त्यांनी घेतलं होतं, मिळेल ती खोली घेतली होती, आणि घराच्या बाबतीत नाही म्हणायची पाळी जन्मात पहिल्यांदा त्यांची आली होती. ती ते सोडणार नव्हते. ऊन तापलं होतं. बाबा पुढे, डोमनलालजी घाम पुसत मागे.

"काऊन रडून राहिली?" आईनं मला विचारलं.

"रडत नाही, हसतेय," मी म्हटलं, आणि दोन्ही खरं होतं.

तिकडून बाबांचा आवाज आला, साऱ्या लेआऊटला ऐकू जाईल असा खणखणीत. "हा बी नाही पटला, भाऊ. पुढचा दाखवा."