मोजणीची वाट पाहणारी पेटी

जुनी म्हणा, गंजकी म्हणा, पण मित्रांनो, मी मतपेटी आहे. अकोल्याच्या एका कारखान्यात माझा पत्रा ठोकला गेला. आमदार-खासदार माझ्या पोटातून बाहेर पडत, तेव्हा मला पोलिसांच्या पहाऱ्यात मिरवत नेत. मग यंत्रं आली. गरज सरो, वैद्य मरो. आमच्याकडच्या सहकारी सोसायटीचं मतदान अजून कागदावर होतं, म्हणून मी भंगारात गेले नाही एवढंच.

गेल्या वर्षी अंजनगाव सुर्जीजवळच्या एका सोसायटीची निवडणूक माझ्यात झाली. दुर्गाबाई पहिल्यांदाच उभ्या होत्या. सोसायटीचं खत लहान शेतकऱ्यांच्या हाती पडेपर्यंत पीक कमरेला लागलेलं असतं, हे त्यांना बंद करायचं होतं. मतदान संपल्यावर मला कापडात शिवलं आणि वर गरम लाख ओतली. उमेदवारांनी त्यावर आपापले शिक्के उमटवले. दुर्गाबाईंकडे शिक्का कुठला? त्यांनी यजमान जानरावांच्या कोटाचं पितळी बटण दाबलं. लोक हसले. मला मात्र त्या बाईचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशीची मोजणी झालीच नाही. निवडणुका घेणाऱ्या प्राधिकरणाच्या खुर्चीवर सरकारनं आपलाच अधिकारी बसवला होता. घटनेप्रमाणे प्राधिकरण स्वतंत्र हवं, असं म्हणत कोणीतरी कोर्टात गेलं आणि कोर्टानं मोजणी थांबवली. मतं माझ्यात कोंडली आणि मी कोठीत. सोसायटीवर प्रशासक आला. खत पुन्हा उशिराच आलं.

दुर्गाबाई दर बाजाराच्या दिवशी येत आणि खिडकीच्या गजांतून सील पाहून जात. एकदा त्यांना माझ्या अंगावर वाळवीच्या मातीची बारीक रेघ चढलेली दिसली. त्या तडक कोठी सांभाळणाऱ्या अनुपबाबूंकडे गेल्या.

"बाबू, पेटीले उधई लागून राहिली. खोलून पाहा न."

"सील तोडलं का मतं बाद, बाई. त्याले हुकूम लागते."

"मंग आना हुकूम."

"कोनाचा आनू? हुकूम देनाराच खरा हाये का नाही, त्याचीच तं केस चालू हाये."

दुर्गाबाईंनी कोर्टात अर्ज दिला. त्यावर तारीख पडली, मग पुढची तारीख. तोवर त्या अनुपबाबूंसमोर माझं अंग बाहेरून पुसत, भोवती पावडर टाकत. बाहेरची उधई मेली. आतली कागद कुरतडताना मला ऐकू येत होती. मी सांगणार कशी? माझं तोंड शिवलेलं होतं. एवढी लाचारी मी जन्मात सोसली नव्हती.

परवा निकाल आला. प्राधिकरण स्वतंत्रच हवं, पण झालेलं मतदान खरं, मोजणी करा. दुर्गाबाई गजांपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "माय, तुनं राखलं आमाले." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, मत राखणारा कोणाच्या हाताखाली असावा, यावर जरूर भांडा. ते भांडण मोठं आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. पण माझ्यात पहिला कागद पडण्याआधी ते मिटवा. उद्या मला टेबलावर उपडी करतील. मूठभर माती पडेल, आणि दुर्गाबाई समोरच बसलेल्या असतील.