ठिपक्याची हजेरी

...दिवा मोहरीएवढा, हिरवा; तीन सेकंदांनी एकदा उघडणारा आणि मिटणारा — जणू काडेपेटीएवढी ही काळी डबी झोपेत आहे आणि झोपेतच तिला काहीतरी आठवते आहे. सुयोगने ती बोटाने पालथी केली. वाहनाचा ठावठिकाणा कळवणारी ही नमुन्याची डबी, ग्राहकांना दाखवायची. हिचीच एक जुळी बहीण तीन आठवड्यांपूर्वी त्याने बाबांच्या स्कूटरच्या सीटखाली चुंबकाने चिकटवली होती, आणि ‘टक्’ असा आवाज झाला तेव्हा आपण वडिलांच्या पाठीवर काहीतरी डकवतो आहोत — वर्गात मुले डकवतात तसा कागद — असे वाटून त्याचे कान तापले होते.

साकीनाक्याच्या या तिसऱ्या मजल्यावर, खालच्या लेथच्या घरघरीत, अकरा वर्षे तो दुसऱ्यांची वाहने पाहत आला होता. दहिसरपासून मुलुंडपर्यंत पडद्यावर ठिपके सरकत. आणि एखादा ठिपका सरकायचा थांबला, किंवा सरकू नये तिथे सरकला, की फोन वाजे. आताही वाजला. घाटकोपरचे टेम्पोमालक.

“साहेब, माझा टेम्पो खाडीत दाखवतोय!”

“ड्रायव्हरला फोन केलात?”

“केला ना. तो म्हणतो, भजी खातोय.”

“मग खाडीत नाही. तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे होतं, दादा. आसपास टॉवर असले की उपग्रहाचा सिग्नल काचांवर आपटून येतो. डबीला वाटतं, तो लांबून आला.”

“डबीला वाटतं?” टेम्पोमालक दुखावल्या स्वरात म्हणाले. “मी वाटण्याचे पैसे भरतो काय?”

सुयोगला हे पटे. वाटण्याचेच तर पैसे होते. एके काळी — हे तो नव्या ग्राहकांना कौतुकाने सांगे — परक्या देशाच्या लष्कराने आकाशातले हे जीपीएसचे घड्याळ स्वतःसाठी टांगले होते, आणि सामान्य माणसाला मिळणारा सिग्नल मुद्दाम शंभरेक मीटर धूसर ठेवला होता. दोन हजार साली ती धूसरता काढून टाकली. त्या काळातल्या कित्येक डब्या दिवसभराचा प्रवास मुक्याने पोटात लिहून ठेवत, मालक संध्याकाळी तो उतरवून घेई, आणि तोवर ड्रायव्हरने भजी खाऊन, तोंड पुसून, एखादी कहाणीही रचलेली असे. मग डबीत मोबाइलचे सिमकार्ड बसले आणि ती दर दहा सेकंदांनी बोलू लागली. संध्याकाळपर्यंतचा तो अवधी संपला... सुयोग कधी कधी त्या शंभर मीटरांसाठी हळहळे. माणसाभोवती तेवढे तरी धुके असावे.

पण बाबांच्या बाबतीत धुके परवडणार नव्हते. भाऊराव चौऱ्याहत्तर वर्षांचे. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया होऊनही त्याला कमी दिसे. आणि महिन्यापूर्वी त्यांनी सोसायटीच्या गेटला स्कूटर धडकवली. “गेट पुढे आलं,” एवढेच त्यांचे निवेदन. रश्मीने — सुनेने — हात पुढे करून चावी मागितली. भाऊरावांनी तिच्या हातावर लाडू ठेवला. शेवटी तह झाला: स्कूटर फक्त भांडुप पश्चिमेत फिरेल, नकाशावर सुयोग तिच्याभोवती कुंपण आखेल, आणि ते एकदा जरी ओलांडले गेले, दोघांच्या फोनवर इशारा वाजला, की चावी रश्मीच्या कपाटात. कायमची.

“म्हणजे वरून मला बघणार?” भाऊरावांनी विचारले होते. दुसऱ्या दिवसापासून ते बाजारात जातानाही इस्त्रीचा सदरा घालू लागले.

“बाबा, उपग्रह कुणाला बघत नाही. तो फक्त वेळ सांगत राहतो. डबी चार-चार उपग्रहांची वेळ ऐकते, कुणाची किती उशिरा पोचली त्यावरून आपण कुठे आहोत ते ताडते, आणि मोबाइलवरून ऑफिसला कळवते.”

भाऊरावांनी डबी हातात घेऊन उलटीसुलटी केली. “म्हणजे वरचा निर्दोष,” ते म्हणाले. “चहाडी हीच मेली करता.”

आणि तरी तह त्यांनी मान्य केला. फार लवकर मान्य केला, हे सुयोगच्या मनात तेव्हाच कुठेतरी टोचायला हवे होते. टोचले नाही. उलट गेले तीन आठवडे तो कामातून चोरून बाबांचा ठिपका उघडून बघत होता आणि त्याचा जीव कालवत होता — कारण ठिपका किती आज्ञाधारक! ताशी आठ किलोमीटर. गल्लीत शिरायचा, एका इमारतीपाशी चार मिनिटे थांबायचा. पुढे, पुन्हा चार मिनिटे. प्रत्येक दारापाशी. गिरण्या बंद झाल्यावर बाबांचे गिरणीतले जोडीदार याच डोंगरउतारावर पांगले होते. त्यातले आता किती उरले?... बाबा एकेका मृताच्या दाराशी थांबतात, वर खिडकीकडे पाहतात, आणि काही न बोलता पुढे जातात. या दृश्याने एकदा त्याचा जेवणाचा डबाही अर्धा राहिला होता. वडिलांना इतके समजून घेतल्याबद्दल त्याला स्वतःविषयी थोडा आदरही वाटला होता.

अकरा चाळीसला इशारा वाजला. कुंपण ओलांडले.

ठिपका भांडुप सोडून कांजूरच्या दिशेने निघाला होता, आणि आता ताशी पंचेचाळीस. पंचेचाळीस! — बाबा, तो डावा डोळा, महामार्गावरचे ट्रक... ठिपका वळला, रुंद मोकळ्या जागेत शिरला आणि थांबला. सुयोगने नकाशा मोठा केला. कचराभूमी.

“मानसी,” त्याने शेजारच्या टेबलाला हाक मारली, “हे बघ ना जरा. बाबा आहेत.”

मानसीने खुर्ची सरकवली, कालचा प्रवास पडद्यावर पुन्हा चालवून पाहिला, परवाचा पाहिला. मग ओठ दाबले.

“सुयोग, रडू नको हं. हा घंटागाडीचा रूट आहे रे.”

“काय?”

“प्रत्येक बिल्डिंगखाली चार मिनिटं, मग डम्पिंग. आमच्याकडे पण सेम. तुझ्या बाबांनी डबी कचऱ्याच्या गाडीत टाकलीय, यार. झकास!”

तीन आठवडे. तीन आठवडे आपण ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी गहिवरत होतो. त्याने फोन लावला. पलीकडे वारा होता, आणि खूप मागे, कुणीतरी बाई मोठ्याने हसत होती — किंवा पक्षी असेल.

“बाबा, कुठे आहात?”

“तुझ्या डबीक विचार.”

“डबी म्हणते, तुम्ही कचराभूमीवर आहात.”

“मग असेन.”

“बाबा!”

“अरे, ओरडतस कित्याक? विशालच्या घंटागाडीत चिकटवली. चांगला माणूस आहे. भांडुपातच फिरतो, म्हटलं तुमची काळजी मिटेल. डम्पिंगला नेण्याआधी रोज काढून आपल्या गेटवर ठेवायचा. आज विसरला वाटतं.”

“ही फसवणूक आहे.”

“फसवणूक कसली! गिरणीत जोडीदार आला नाही की त्याचा हजेरीचा बिल्ला आम्ही खिडकीत टाकायचो. त्याचा खाडा पडत नसे, साहेबाला हजेरी पुरी मिळे, सगळे खूश. तुम्हाला हजेरी हवी होती. दिली.”

“पण तुम्ही आहात कुठे?”

“हेल्मेट आहे. चष्मा आहे. दोन्ही डोळे उघडे आहेत. सात वाजता घरी येतो.” आणि थांबून, मुलाची समजूत काढावी तशा आवाजात: “जेव तू.”

फोन बंद झाला. लगेच रश्मीचा संदेश आला: *इशारा वाजला. बाबा कुठे आहेत?*

उत्तर जिभेवर तयार होते. अकरा वर्षे तयार होते — तीस-चाळीस मीटर इकडेतिकडे होतं, काचेवर आपटून येतं. पण हे तीन किलोमीटर होते. एवढी काच साऱ्या उपनगरात नव्हती. दुसरे उत्तर होते विशालचे, घंटागाडीचे: ते लिहिले की सात वाजता रश्मी दारातच हात पुढे करील, आणि या खेपेला लाडूने भागणार नाही. तिचे चुकत नव्हते. तो डोळा खरा होता. गेट पुढे आले नव्हते.

पडद्यावर अकराशे ठिपके होते आणि त्यांच्यात बाबा नव्हते. त्याने नकाशा लहान केला, आणखी लहान. रस्ते केसांसारखे बारीक झाले, तरी नव्हते. कुठल्यातरी वळणावर इस्त्रीचा सदरा वाऱ्याने फुगवून एक म्हातारा जात असेल, त्याची कुणी वाट पाहत असेल किंवा नसेल, एखादा ट्रक डावीकडून येत असेल... पण ही भीती डबीने कळवलेली नव्हती. ती कितीतरी वर्षांनी थेट आली होती, मध्ये काहीही न ठेवता, आणि तिच्या तळाशी, त्याला लाज वाटावी असे, हसू होते. गहिवरलेल्या त्या तीन आठवड्यांत त्याला बाबा इतके जवळ वाटले नव्हते.

त्याने लिहिले: *मला माहीत नाही.*

या टेबलावरून असे वाक्य कधी कुणाला गेले नव्हते. ते त्याने दोनदा वाचले, आणि पाठवले.

रश्मी लिहिते आहे, असे फोनने दाखवले. मग थांबली. मग पुन्हा लिहू लागली. सुयोग पडद्याकडे पाठ करून बसला. आणि जेवणाचा डबा उघडावा की नाही, हेही त्याला ठरवता येईना.