चोख पथ्य

झुलाल सुताराने लोणच्याची बरणी आपल्या हाताने पुढे ओढली. दोन पापड आधीच पोटात गेले होते.

चुलीपुढून त्याची बायको धुरपदाबाई म्हणाली,

"वैद्यबुवांनी मीठ बंद करेल शे ना?"

"मोडनं ते मोडनं. आते सोमवारपाईन."

मोडलं होतं श्रावणात, कानबाई देवीच्या सणाला. रोटाबरोबर गंगाफळाची भाजी ताटात आली. देवीच्या प्रसादाला नाही कोण म्हणणार? दोन घास खाल्ले. झालं, तेवढ्यावर या बाबाने पथ्यच टाकून दिलं! त्या साली देशभर लोक मिठासाठी तुरुंगात जात होते आणि झुलालला मीठ सुटता सुटत नव्हतं.

धंद्यातही असाच. चाकाचा एक आरा केसभर कलला तरी सगळं चाक उकलायचा. दोंडाईच्यात त्याच्या गाड्यांना नाव होतं ते त्यामुळेच. पण माणसाचा देह म्हणजे का गाडीचं चाक आहे? आषाढात पथ्य धरलं तेव्हा पाय उतरले होते, वहाणा पुन्हा बसू लागल्या होत्या. आता सूज मांड्यांवर चढली होती. आडवं झालं की दम कोंडायचा, म्हणून भिंतीला टेकून झोपायचा. धुळ्याच्या वैद्यांनी धुरपदाबाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं, मीठ सुटलं नाही तर हा दिवाळी बघणार नाही.

"सोमवार कसाले? आजच धरा."

"अर्धा आठवडामा? कराणं ते चोख कराणं. एक कण बी नको."

धुरपदाबाई एकदम वळली. तिचा संताप आता आवरत नव्हता.

"एक कण! आन् आषाढमा तुम्ही भाकर कोनती खाधी? कळणानीच ना?"

कळण्याच्या दळणात ज्वारी-उडदाबरोबर खडेमीठही जात्यातच पडतं, हे खानदेशात पोराटोरांना ठाऊक. झुलालने जन्मभर तीच भाकर खाल्ली. पण मीठ म्हणजे भाजीतलं, आमटीतलं. भाकरीतलं त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"म्हंजे पहिला दिनपाईन मोडेलच व्हतं?"

"व्हतं. तरी बी सूज उतरनी ना?"

"तुले माहीत व्हतं?"

"व्हतं. निस्ती ज्वारीनी भाकर तुम्हना गळाखाले उतरे ना. काय उपाशी मारू?"

तिला रडू फुटलं. झुलालचा चेहरा लाल झाला. ताट भिरकावतो की काय, असं तिला वाटलं. पण त्याने बरणी दूर सारली. मग लोणच्याची अर्धी खाल्लेली फोड ताटाच्या कडेला ठेवली.

"अळणी डाळ शे का?"

"आते? जेवता जेवता?"

"वाढ."

तिने वाढली. तोंड वाकडं करत का होईना, तो घास मोडत राहिला. पदराने डोळे पुसत ती त्याच्या पायाशी बसली आणि नडगीवर हलकेच बोट दाबलं. बोट रुतलं. काढलं तरी तिथला खळगा भरून येईना.

झुलालने मान वर केली.

"उतरनी का थोडी?"

धुरपदाबाईने धोतराचा सोगा पायावर ओढून घेतला.

"दोन दिनमा उतरी," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."