सपनाने शिकवलेला मेनू

सपना आणि योगेंद्र पुलगावातल्या एकाच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. सकाळी दारूगोळा डेपोतल्या कर्मचाऱ्यांची मुलं टायपिंगला यायची, दुपारी क्लास रिकामा असायचा. २००६ च्या उन्हाळ्यात त्या रिकाम्या दुपारी दोघं वेबसाईट करायला शिकले. म्हणजे सपना शिकली आणि तिने योगेंद्रला शिकवलं.

नागपूरच्या एका कंपनीने वेबसाईट करणारी माणसं मागवली होती. दोघांनीही अर्ज केला. सपनाच्या घरी फोन नव्हता, म्हणून योगेंद्रसारखाच तिनेही क्लासचा नंबर दिला. मुलाखतीत मेनू करायला लावतात असं ऐकलं होतं. वरच्या पट्टीतल्या नावावर माउस नेला की खाली आणखी नावं उघडतात, तसा.

योगेंद्रने इंटरनेटवरून कुणाचा तरी शंभर ओळींचा कोड उचलला होता. एक ओळ हलवली की सगळं बंद पडायचं.

"फेकून दे हे," सपना म्हणाली. "नुसत्या सीएसएसनं होते, पानाच्या सजावटीच्या कोडनं. यादीच्या पोटात यादी ठेवायची. आतली लपवायची. बाहेरच्या नावावर माउस आला का आतलीले म्हणायचं, आता दिस."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

पण क्लासमधल्या जुन्या एक्सप्लोररवर ते चालेना. तो ब्राउझर फक्त लिंकवरचा माउस ओळखायचा, यादीतल्या नावावरचा नाही. चार दुपारी सपना त्याच्या मागे लागली. शेवटी तेवढ्या ब्राउझरसाठी एक छोटी स्क्रिप्ट जोडली आणि मेनू उघडला. योगेंद्रने टेबलावर थाप मारली.

"तुले तं घेतेच कंपनी. माहं काही खरं नाई."

"तुलेही घेते. चाल, न पाहता करून दाखव."

तिने तो मेनू त्याच्याकडून सात वेळा करून घेतला.

जूनमध्ये योगेंद्र मावसबहिणीच्या लग्नाला म्हणून नागपूरला गेला आणि पेढे घेऊन परत आला. सहज कंपनीत डोकावलो, त्यांनी तिथंच परीक्षा घेतली, जागा एकच होती, असं त्याने सांगितलं. "तुह्याबद्दल विचारलं मी. पण नाई म्हणाले." सपनाला वाईट वाटलं, तरी त्याला सोडायला ती स्टेशनवर गेली. गाडीत खायला घरच्या पोळ्या दिल्या.

दोन महिन्यांनी तिने स्वतःच एसटीडी बूथवरून कंपनीत फोन लावला. आणखी जागा निघणार का, एवढंच विचारायचं होतं. पलीकडच्या बाईंनी नाव विचारलं.

"सपना ढोले, पुलगाव? तुमचं तर लग्न झालं ना?"

"नाही. कोण म्हणालं?"

"आम्ही जूनमध्ये तुम्हा दोघांना बोलावलं होतं. फोन योगेंद्रने घेतला. तुमचं लग्न ठरलंय, तुम्ही नोकरी करणार नाही, असं त्याने सांगितलं. दोन जागा होत्या हो. दुसरीवर मग इथलाच एकजण घेतला."

घरी आल्यावर तिने वडिलांना सगळं सांगितलं. प्रभाकरराव म्हणाले, "तू त्याले शिकवलंच काऊन?" योगेंद्रपेक्षा त्या प्रश्नाचाच तिला जास्त राग आला.

सप्टेंबरमध्ये एका दुपारी क्लासचा फोन वाजला. योगेंद्र होता.

"सपना, अडलं न एक. मेनू उघडते, पण माउस खाली नेला का मधातच बंद होते."

तिला लगेच कळलं. वरचं नाव आणि खालची यादी यांच्यात त्याने जरा जागा सोडली होती. माउस तिथे पोचला की नावावरून सुटतो आणि यादी मिटते. एका ओळीचं काम होतं.

"योगेंद्र," ती म्हणाली, "माहं लग्न कोणासंग ठरलं रे?"

"ते सोड न. मेनूचं सांग," तो म्हणाला.

"जागा दोन होत्या," ती म्हणाली.

"मले तवा माहीत नव्हतं."

"अन् माहीत असतं तं?"

"तू बाजूले बसली असती, तं त्यायले दिसलं असतं कोणाले येते ते."

तिने फोन ठेवला. ती एक ओळ तिने सांगितली नाही.

त्याचा मेनू तिथल्याच कुणीतरी त्या संध्याकाळी दुरुस्त करून दिला, असं पुढे तिच्या कानावर आलं. त्याची नोकरी टिकली. पुढच्या वर्षी सपनाला वर्ध्यात काम मिळालं, चांगलं मिळालं. पण तिथे कुणी खुर्ची ओढून शेजारी बसलं आणि हे कसं केलं म्हणून विचारलं, की ती स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायची, "इंटरनेटवर आहे. पाहून घ्या." आपण आधी अशा नव्हतो, हे तिला प्रत्येक वेळी जाणवायचं.