खाणारं कोण?

मावशी शिवणयंत्रावर पडद्याची कड दुमडत होती आणि तिची तीन वर्षांची भाची पलंगाखाली खेळत होती. तिला घरात सगळे ठमीच म्हणत. ठमीची आई कारखान्यात पाळीवर गेली होती; तिथे फोन दारातच काढून घेत.

ठमी बाहेर आली ती लाळ गाळतच. गळ्याला हात लावून म्हणाली, "मावशी, टोचतंय."

मावशीनं पलंगाखाली वाकून पाहिलं. रिमोटचं झाकण निघून पडलं होतं आणि आतला बटणाएवढा चपटा सेल गायब.

फ्रिजवर चिकटवलेला मदतीचा नंबर तिने लावला. पलीकडची बाई भराभर इंग्रजीत बोलू लागली. मावशीचं इंग्रजी संध्याकाळच्या वर्गात शिकलेलं, मोडकंतोडकं. बरंचसं डोक्यावरून गेलं. शेवटचं तेवढं कानात अडकलं, "इट कॅन ईट थ्रू."

ईट म्हणजे खाणं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण वर्गातल्या शिक्षिकेनं बजावलं होतं, ईटच्या मागे चिमुकला शब्द आला की अर्थ कोलांटी मारतो. ईट अप म्हणजे ताट चाटूनपुसून संपवणं. ईट आउट म्हणजे हॉटेलात जेवणं. ईट थ्रू काही वर्गात आलं नव्हतं. शेवटपर्यंत खात राहायचं? घशात काटा अडकला की पावाचा घास गिळायला देतात, तसं असेल.

तिने पाव मोडला. ठमीनं आ केला.

घास ओठांना लागणार, तोच मावशीचा हात थबकला. इट? पोरीला कोण इट म्हणेल? इट म्हणजे वस्तू.

"हू ईट?" ती फोनमध्ये किंचाळली. "हू?"

"द बॅटरी! बर्न! होल! नो फूड! गो नाउ!"

म्हणजे खाणारा सेल होता. गिळल्यापासून तो पोरीचा गळा आतून खात होता, आरपार जायला निघाला होता.

मावशीनं पाव भिरकावला, ठमीला कडेवर घेतलं आणि अनवाणीच जिना उतरली. शेजारचा टॅक्सीवाला गाडी पुसत होता. तिचा चेहरा बघूनच त्यानं दार उघडलं. वाटभर ठमीची लाळ तिच्या खांद्यावर झिरपत होती आणि दर सिग्नलला मावशीला वाटे, आता पडलं भोक.

इस्पितळात नळी घालून सेल काढला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अन्ननलिका भाजलीय, पण भोक नाही. काही खायला दिलं होतं?"

"नाही," मावशी म्हणाली आणि बाकावर बसली.

बहीण धावतपळत आली तेव्हा मावशीनं सगळं सांगून टाकलं. "घास तोंडापर्यंत नेला होता गं."

बहिणीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. ओरडायला तिचं तोंड उघडलंही होतं. मग ती तशीच मावशीला खेटून बसली.

काही दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पाण्याला परवानगी दिली. ठमीनं घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं. दोघी बहिणी एकमेकींचा हात घट्ट धरून तिच्या इवल्याशा गळ्याकडे बघत राहिल्या. घोट उतरला. ठमीनं पेला पुन्हा पुढे केला. पण दुसरा घोट देण्याचा धीर दोघींनाही होईना.