कोणाची राखण

मोठी खारवली हे गाव न्हावा शेव्याच्या रस्त्यापासून दीड मैल आत, खाडीला लागून. चौऱ्याण्णव सालच्या चैत्रात तिथली सकाळ शिटीनं सुरू होई. गावदेवीच्या मैदानात बावीस तरुण रांगेत उभे राहत आणि निवृत्त सुभेदार जयदेव म्हात्रे पाठीमागं हात बांधून एकेकाची काठी धरण्याची पद्धत तपासत पुढं सरकत. बंदरावर माल उतरू लागल्यापासून भागात चोऱ्या वाढल्या होत्या. होड्यांची इंजिनंसुद्धा कोणी सोडवून नेई. पोलिसांनी सांगितलं, गाव सुरक्षा दल काढा. अठ्ठावीस वर्षं पायदळात काढलेला माणूस गावात असताना दुसरा म्होरक्या शोधायचा कशाला?

काठ्या, शिट्या, खाकी शर्ट हे सगळं दिलं ते सुभेदारांच्या थोरल्या भावानं, गंगारामशेटनं. तो गावचा सरपंच, आणि खाडीकाठच्या वीटभट्टीचा मालक. नवी मुंबईत इमारतीवर इमारत चढत होती आणि त्याच्या विटा कमी पडत होत्या.

दोन महिन्यांत चोऱ्या थांबल्या. गाव सुभेदारांना मान देऊ लागलं. मान माणसाला आंधळं करतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्या सोमवारी सुभेदारांची बायको चंदा ओटीवर सुकट निवडत होती. गंगाराम चपला न काढताच आत आला.

"जयदेव, भट्टीवरना एक बिऱ्हाड पलालंय. हिरू कातकरी नि त्याची बायको मुक्ता. तुजी पोरा शोधाया भाईर कार."

"कवा?"

"पाटेचे. दिवालीला उचल घेतली नि काम अर्ध्यावर टाकून गेले. चोरीच ना ही?"

थोरल्या दिराशी चंदा थेट बोलत नसे. सुपात नजर ठेवून ती नवऱ्याला म्हणाली, "हिरूचा पाय भाजलाय, असा आयकला मी. तो पलंल कसा?"

"बायकांना काय कलतं?" गंगाराम म्हणाला.

सुभेदारांनाही तसंच वाटलं. पळालेला माणूस म्हणजे गुन्हेगार, इतकं साधं गणित त्यांनी मांडलं. वेठबिगारी कायद्यानं बंद होऊन अठरा वर्षं झाली होती. पण भट्टीवरची माणसं दिवाळी ते पावसाळा कुठंच का जाऊ शकत नाहीत, हा प्रश्न साऱ्या गावात कुणीच कधी विचारला नव्हता. सुभेदारांनीही नाही.

त्यांनी पोरांच्या तीन तुकड्या केल्या. एक धक्क्यावर, एक रस्त्यावर, आणि तिसरी घेऊन ते स्वतः खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीत शिरले. नऊ वाजायच्या आत माणसं सापडली. आखणी नेमकी उतरली याचा त्यांना मनातून आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही.

गुडघाभर चिखलात मुक्ता उभी होती आणि नवरा तिच्या पाठीवर होता. सिमेंटच्या पिशवीचा कागद गुंडाळलेल्या त्याच्या पायाला वास येत होता. सुभेदारांचा मुलगा प्रितेश दलाचा उपप्रमुख होता. त्यानं तिचं गाठोडं सोडलं. आत एक टोप, मूठभर तांदूळ आणि हिरूची गलोल.

"झडती घ्या," मुक्ता म्हणाली. "शेटचं कायच नाय त्यात."

"मंग पलालात कशाला?" सुभेदारांनी विचारलं.

"याला दवाखान्यात न्यायचा हाय. शेट बोलला, दोघं काम सोडाल तर भट्टी कोन लावंल? आठ दिस झालं, सायेब. ताप उतरत नाय."

सुभेदार घुटमळले. मग त्यांनी दोघांना भट्टीवर नेलं आणि सगळ्यांसमोर भावाला म्हणाले, "दादा, याला आजच डाक्टरकडं ने."

"नेतो ना. आपलाच मानूस हाय तो."

एका सरपंचानं, एका भावानं शब्द दिला. सुभेदारांनी तो घेतला आणि घरी येऊन जेवले. चंदानं वाढलं आणि ती परत सुपाशी जाऊन बसली.

गुरुवारी सकाळी कवायत चालू असतानाच निरोप आला की शेटनं सगळ्या दलाला भट्टीवर बोलावलंय.

भट्टीचा धूर त्या दिवशी जमिनीलगत पसरला होता. कच्च्या विटांच्या थप्प्यांपाशी अकरा कातकरी कुटुंबं बसली होती. एकही लेकरू रडत नव्हतं. कोळशाच्या खोपटाचं दार उघडं होतं, कडीला कुलूप लोंबत होतं आणि आत हिरू मरून पडला होता. मुक्ता त्याच्या उशाशी बसली होती. तिची बोटं सोलपटली होती. सोमवारपासून कोंडलेली ती आतून दार ठोकत होती.

गंगारामनं भावाला बाजूला घेतलं. "चिता हितंच लावू. तवर पोरा वाटंवर उभी कर. एक कातकरी भाईर जाता नये. दोन तासांचं काम हाय."

"कुलूप भाईरनं कशाला?"

"परत पलाला असता."

"त्या पायानं?"

गंगाराम लाकडं आणायला गड्यांना हाका मारू लागला.

सुभेदारांनी शिटी फुंकली. बावीस पोरं रांगेत आली. सुभेदारांचा आवाज मैदानात चढे तसा चढला नाही.

"पोरांनो, आपल्याला वाटलं आपन चोर पकडले. आपन कैदी पकडून दिले. हुकूम माजा व्हता, पाप माजं हाय. आता ही समदी मानसं तालुक्याला जानार नि आपन त्यांच्या दोन्ही बाजूनी चालनार. ज्याला जमत नाय, त्यानं काठी ठेवावी नि घरी जावं."

काठी कुणीच ठेवली नाही.

गंगाराम पुढं आला. "कोनाचा बाप माझ्या गाडीवर हाय? कोनाचं घर माझ्या विटांचं हाय? इचार करा नि मंग पाय उचला."

नऊ पोरं सुभेदारांकडे सरकली. तेरा जागीच राहिली. त्यांत प्रितेश होता. तो काकाचा ट्रक चालवायचा आणि त्याच्या लग्नाची बोलणीही काकाच करत होता. तेराजणांनी भट्टीची वाट अडवली. हातभर अंतर, कोपर अंगाशी, पाय रोवलेले. सुभेदारांनी त्या रांगेकडे पाहिलं. ती पोरांची फळी त्यांनीच घडवली होती. तिच्यात कुठंही चूक नव्हती.

खोपटाच्या दाराची फळी निखळवून तिच्यावर हिरूला ठेवलं. तीन कोपऱ्यांना कातकरी, चौथ्याला सुभेदार. मागं बायका, लेकरं, दोन्ही बाजूंना नऊ पोरं. कुणी घोषणा दिली नाही. विटांच्या चुऱ्यावर पावलं वाजत होती तेवढीच.

"प्रितेश, बाजूला हो."

"बाबा, मागं फिरा." पोराचा आवाज फाटला होता. "तुमाला हात जोडतो. गावाचं नाव जाईल."

"नाव आत खोपटात गेलं, बाला. हो बाजूला."

"मार!" मागून गंगाराम ओरडला.

प्रितेशची काठी बापाच्या उजव्या खांद्याच्या हाडावर बसली. तिथं बसली की हात निकामी होतो, जीव जात नाही. बापानं कवायतीत शिकवलेला धडा त्यानं नेमका उचलला होता. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. फळीचा कोपरा सुटला आणि खाली पडण्याआधी मुक्तानं तो खांद्यावर घेतला.

ती थांबली नाही. समोरच्या पोरांच्या डोळ्यांत बघत सरळ चालत राहिली. पहिला बाजूला झाला, मग त्याच्या शेजारचा. प्रितेश काठी टाकून वाटेच्या कडेला उकिडवा बसला. त्याच्या समोरून प्रेत गेलं, माणसं गेली, आणि मोडका हात छातीशी धरलेला बापही गेला. सुभेदार थांबले नाहीत. थांबले असते तर पुढचं पाऊल उचललं नसतं.

रस्त्यावर चंदा उभी होती. तिनं पाण्याची कळशी आणली होती. तिनं आधी लेकरांना पाणी पाजलं, मग पदराची झोळी करून नवऱ्याचा हात गळ्यात बांधला आणि बरोबर चालू लागली.

तालुक्याच्या कचेरीत दुपारपर्यंत जबाब चालले. प्रेत सरकारी दवाखान्यात गेलं. अकरा कुटुंबांची नावं एकेक करून लिहिली गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांचं नाव कागदावर पहिल्यांदाच चढत होतं. शेवटी मुक्ताची पाळी आली. भिंतीलगतच्या बाकावर सुभेदार बसले होते, चेहरा पांढराफटक.

"सोमवारी तुम्हाला तिवरांत पकडलं कुणी?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मुक्तानं बोट सुभेदारांकडे केलं.

अधिकारी गोंधळला. "बाई, नीट सांगा. यांनी तर तुम्हाला इथं आणलं."

"आनलं बी यांनी, पकडलं बी यांनी," मुक्ता म्हणाली. "आमी दवाखान्याला चाललो व्हतो, यांनीच धरून परत भट्टीवर नेलं."

कारकुनाची लेखणी थबकली. अधिकारी सुभेदारांकडे वळून हळूच म्हणाला, "हे लिहिलंच पाहिजे असं नाही. तुम्ही फिर्यादी आहात. नाव आरोपींत आलं तर पेन्शनपर्यंत जाईल."

जयदेव म्हात्रे बाकावरून उठले. दुखण्यानं डोळ्यांसमोर अंधारी आली तशी चंदानं त्यांची पाठ धरली.

"बाई खरं बोलते," ते म्हणाले. "तिच्या सबदात लिवा. माजं नाव गंगारामच्या खाली घाला."

आणि डाव्या हातानं, वेड्यावाकड्या अक्षरांत, त्यांनी सही केली.