नवतप्यातली शेगडी

त्या दिवशी मंदाताईंना सगळ्याच गोष्टींची किळस येत होती. सकाळी दहालाच अंगणातल्या तांब्याला हात लावला की चटका बसे, त्याची. आंब्याच्या कोयींवर घोंघावणाऱ्या माश्यांची. गच्चीवरून खाली आणलेल्या अंथरुणांतल्या बारीक रेतीची, कितीही झटकली तरी जी दुपारी भातात दाताखाली यायचीच. आणि सगळ्यांत जास्त किळस येत होती ती मागच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या वासाची. त्या खोलीत त्यांची स्वतःची लेक होती, म्हणून त्या किळसेचीही त्यांना वेगळी किळस येत होती.

लेकीचं नाव शामला. पहिल्या बाळंतपणासाठी ती उज्जैनहून माहेरी, ग्वाल्हेरला माधवगंजातल्या घरी आली होती. मुलगा झाला, त्याला आज पाचवा दिवस. संध्याकाळी पाचवीची पूजा व्हायची होती, गल्लीतल्या चार सवाष्णी यायच्या होत्या. पण वैशाख सरून जेठ लागला होता आणि सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला होता. इकडचे लोक या पहिल्या नऊ दिवसांना नवतपा म्हणतात. या दिवसांत इथली माणसं दुपारी दार उघडत नाहीत. गाढवंसुद्धा भिंतीच्या सावलीला तोंड लावून उभी असतात.

आणि या नवतप्यात शामलाच्या बाजेखाली कोळशाची शेगडी धगधगत होती.

त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मंदाताईंचं माहेर वाईचं. तिथे पावसाळ्यात भिंतींना पाझर फुटतात, धुतलेली लुगडी चार-चार दिवस वाळत नाहीत. तिथल्या बाळंतिणीला शेक हवा, धुरी हवी, कानाला फडकं बांधायला हवं. सासरची माणसं तीन पिढ्यांपूर्वी दक्षिणेतून ग्वाल्हेरला नोकरीसाठी आली, तेव्हा देव्हाऱ्यातल्या टाकांबरोबर ही शेगडीही त्यांनी बरोबर आणली. टाक कुठेही पुजता येतात. शेगडीचं तसं नसतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मंदाताई तेराव्या वर्षी या घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांना सगळं शिकवलं. बाळंतिणीला दहा दिवस बाहेर काढायचं नाही, खिडकी उघडायची नाही, पाणी द्यायचं ते ओवा घालून उकळलेलं आणि तेही पळीपळीनं. मंदाताई शहाण्या विद्यार्थ्यासारख्या सगळं शिकल्या आणि गल्लीतल्या निम्म्या मराठी घरांत त्यांनी बाळंतपणं निभावून नेली. त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई.

रामकली दाईनं मात्र तिसऱ्याच दिवशी शेगडीकडे पाहून नाक मुरडलं होतं. ती बोलली, "बाई जी, हमारे यहाँ तो जेठ में अँगीठी चौखट के बाहर रहती है." मंदाताईंनी तिला सांगितलं की तुमच्याकडे जे चालतं ते आमच्याकडे चालत नाही. रामकलीनं खांदे उडवले आणि हात धुवायला पाणी मागितलं.

साडेदहाच्या सुमाराला मंदाताई मागच्या खोलीत गेल्या. आत शिरताच डोळ्यांत धूर गेला. ओव्याचा, बाळंतशेपाचा, लसणीच्या सालींचा धूर, त्यात घाम, आंबलेलं दूध, तेलकट फडकी आणि कोपऱ्यातल्या ताटलीत न खाल्लेला डिंकाचा लाडू, वितळून सपाट झालेला. त्यावर मुंग्या. शामला भिंतीकडे तोंड करून पडली होती. ओठांना पापुद्रे आले होते. तिनं पाणी मागितलं. मंदाताईंनी दोन पळ्या कोमट पाणी दिलं. तिनं आणखी मागितलं, तेव्हा त्यांनी तिला समजावलं की पोट सुटतं, अंगावर सूज येते, कळ काढ. शामलानं पुन्हा मागितलं नाही. सकाळपासून ती दुसऱ्या कशासाठीच बोलली नव्हती, आणि मंदाताईंनी मनाशी म्हटलं होतं की पोर शहाणी आहे, सोसते आहे.

बाळाला तेल लावायची वेळ झाली होती. गल्लीतल्या विजयाबाई दारात पाट टाकून बसल्या होत्या. वयानं मंदाताईंएवढ्याच, पण बोलण्यात त्यांच्या दुप्पट. विटाळ नको म्हणून उंबऱ्याच्या बाहेर राहायचं आणि सल्ला तेवढा आत पाठवायचा, ही त्यांची रीत. मंदाताईंनी पायांवर बाळाला आडवं घेतलं. अंग तापलं होतं. नवतप्यात कुणाचं तापत नाही, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी टाळूवर तेलाची धार सोडली.

तेल खाली ओघळलं नाही. टाळूवर एक खळगा पडला होता, त्यात ते साचून राहिलं, छोट्या पणतीत राहावं तसं.

"टाळू बसलीय," विजयाबाई बाहेरून म्हणाल्या. "आणखी घाला तेल. आणि धुरी वाढवा, वारा लागलाय त्याला."

मंदाताईंनी विचारलं की दुपटं कधी बदललं होतं. शामलानं भिंतीकडेच पाहत सांगितलं की काल संध्याकाळी. तेव्हापासून बाळानं ओलं केलंच नव्हतं. मंदाताईंनी त्याच्या गालाला बोट लावलं. एरवी तोंड वळवून बोट शोधणारं ते पोर आज नुसतं पडून राहिलं. रडलंही नाही.

त्यांनी पुन्हा टाळूतल्या तेलाकडे पाहिलं. हे तेल त्यांनी आधी पाहिलं होतं. बावीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, स्वतःच्या मांडीवर. त्यांचा पहिला मुलगा असाच वैशाखात झाला होता. त्याच्याही टाळूत तेल साचलं होतं. त्यांनी ते बोटानं पुसून पुन्हा घातलं होतं, कारण सासूबाई म्हणाल्या होत्या की भरत नाही तोवर घालत राहायचं. नवव्या दिवशी तो गेला. बारसं व्हायचं होतं, त्यामुळे त्याला नावही नव्हतं. दृष्ट लागली, सगळे म्हणाले. दृष्ट कुणाची, यावर पुढे दोन वर्षं घरात कुजबूज चालली आणि एका बिचाऱ्या वांझ शेजारणीचं या घरी येणं बंद झालं. शेगडीकडे कुणी बोट दाखवलं नाही. मंदाताईंनीही नाही.

पण त्यांची समजूत अशी एका क्षणात पालटली नाही. एवढ्या वर्षांचं शिकलेलं तेलासारखं ओघळून जात नसतं. विजयाबाई म्हणाल्या कोळसे विझत आलेत, तर त्या सवयीनं उठल्या आणि चिमटा घेऊन कोळसे आणायला निघाल्यासुद्धा.

स्वयंपाकघराकडे जाताना बैठकीवरून जावं लागे. बैठकीच्या तिन्ही दारांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या होत्या आणि पाणी भरणारा कहार दर अर्ध्या तासानं त्यांच्यावर पाणी मारत होता. आतून ओल्या वाळ्याचा थंड, मातकट वास येत होता. त्यांचे पती भालचंद्रपंत कचेरीला सुट्टी म्हणून दरबारातले स्नेही कान्होजीराव यांच्याबरोबर गप्पा मारत बसले होते. पांढऱ्या गाद्या, लोड, डोक्यावर हलणारा पंखा. ताटीच्या फटीतून मंदाताईंच्या पायावर गार हवा आली आणि पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांना आपले पाय असल्याची जाणीव झाली.

पायांची चाहूल लागताच भालचंद्रपंत आतून म्हणाले, "अगं, ते आंबे इतक्यात चिरू नकोस. तासभर तरी पाण्यात राहू देत. त्यांची उष्णता निघायला हवी, नाहीतर बाधतात."

बोळात ताटीच्या सावलीला बादली ठेवली होती. कान्होजीरावांनी आणलेले दोन डझन आंबे गार पाण्यात बुडून बसले होते. दर थोड्या वेळानं कहार त्यातलं पाणीही बदलत होता. मंदाताई हातात चिमटा धरून त्या बादलीकडे पाहत राहिल्या. या घरात आंब्याच्या अंगातली उष्णता काढायची काळजी होती. सगळ्यांना होती, त्यांना स्वतःलाही होती. काल रात्री त्यांनीच कहाराला बजावून ठेवलं होतं की आंबे कोरडे पडू देऊ नकोस.

त्यांना एकदम शिसारी आली. आंब्यांची नाही, लोडाला टेकलेल्या नवऱ्याची तर होतीच, पण ती पुरेशी नव्हती. ती वर वर चढत आपल्या घशापर्यंत येते आहे आणि तिचं मूळ आपल्याच पोटात आहे, हे त्यांना कळत होतं.

त्या कोळसे न घेताच परतल्या. बाजेखालून शेगडी चिमट्यानं ओढली आणि फरफटत अंगणात नेऊन तिच्यावर घागरभर पाणी ओतलं. राखेची वाफ उसळली. विजयाबाई पाटावरून उठल्या.

"मंदाताई, अहो, ओली बाळंतीण आहे ती."

"म्हणूनच."

मग त्यांनी खोलीची खिडकी उघडली. पण भट्टीचं दार उघडावं तशी लू आत आली, जुन्या कागदाचे कपटे आणि रेती घेऊन. बाळाचा चेहरा आक्रसला. मंदाताईंनी खिडकी लावून घेतली. नवतप्याच्या दुपारी ग्वाल्हेरात खिडकी उघडून काही होत नसतं. त्या घरात थंड जागा एकच होती.

त्यांनी शामलाला उठवून बसवलं आणि तांब्याभर माठातलं पाणी तिच्या हातात दिलं. विजयाबाईंनी कपाळाला हात लावला. शामला आईकडे पाहत राहिली. चुकून दिलंय आणि आता परत घेतील, असं तिला वाटलं असावं. मग तिनं तांब्या तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

मंदाताई बैठकीच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बैठक रिकामी करा, असं त्यांनी सांगितलं. भालचंद्रपंतांना वाटलं झाडायची असेल, ते म्हणाले संध्याकाळी कर. तेव्हा त्यांनी सांगितलं की शामला आणि बाळ आता इथे राहतील.

भालचंद्रपंत हसले. मग बायकोचा चेहरा पाहून थांबले. "अगं, पाचवा दिवस आहे. विटाळ असतो. इथे दरबारची माणसं बसतात. कालच गाद्यांना अभ्रे चढवलेत."

"दरबारची माणसं ओट्यावर बसतील."

"कान्होजीरावांसमोर काय हे? आणि पाचवीची पूजा? खोलीतून बाळ हललं तर बायका काय म्हणतील? तूच तर सगळ्यांना सांगत असतेस..."

"हो, मीच सांगते," मंदाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "त्याच्या टाळूत तेल साचलंय. आपल्या पहिल्याच्याही साचलं होतं. मी ते पुसून पुन्हा घालत होते, आणि खाली शेगडी होती."

पंख्याची दोरी ओढणाराही थांबला होता. त्या मुलाविषयी बावीस वर्षांत या दोघांमध्ये एक शब्द निघाला नव्हता. कान्होजीराव समजदार माणूस. ते उठले, काहीतरी काम आठवल्याचं पुटपुटले आणि दुसऱ्या दारानं निघून गेले. भालचंद्रपंत उभे राहिले. त्यांना आपला जोडा दिसेना. तो पायाशीच होता.

"डॉक्टरांना आणू मुरारहून?" त्यांनी विचारलं.

"आणा. पण ऊन उतरल्यावर येतील ते. तोवर मी वाट बघणार नाही."

त्या आत गेल्या, बाळाला उचललं, त्याचं टोपडं आणि कुंची काढून तिथेच टाकली आणि शामलाचा हात खांद्यावर घेऊन बोळातून चालत आल्या. घरातली माणसं भिंतीला चिकटून उभी राहिली, स्पर्श होऊ नये म्हणून. पण एकदा शामला त्या पांढऱ्या गादीवर बसली आणि मग कुणाला काही करण्यासारखं उरलं नाही. जागेला विटाळ झाला तो झाला. आता दहा दिवस पुरे होऊन घर गोमूत्रानं शिंपडेपर्यंत तिथे दुसरं कुणी बसू शकणार नव्हतं. ज्या नियमानं पोरीला कोंडलं होतं, त्याच नियमानं घरातली सगळ्यांत गार खोली तिची झाली. मंदाताईंनी हे आधी ठरवलं नव्हतं. गादीवर टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचंही त्यांना काही सुख वाटलं नाही.

पुढचे सहा तास त्यांनी किळसवाणे काढले. बाळाच्या अंगावरून ओलं फडकं फिरवायचं, शामलाला पाणी पाजायचं, ताक पाजायचं, मग बाळाला छातीशी धरायचं. ते ओढत नव्हतं. दूध पिळून त्याच्या ओठांवर थेंब थेंब सोडायचं. अर्धे थेंब मानेवरून ओघळून गादीवर पडत आणि आंबट वास सुटे. कहाराला त्यांनी ताटीवर सतत पाणी मारायला लावलं. तेवढ्या वेळात विजयाबाई दोनदा डोकावून गेल्या आणि दोन्ही वेळा सटवाई कोपेल म्हणून सांगून गेल्या. मंदाताई फडकं भिजवत राहिल्या. त्यांना पाठीत कळ येत होती. बाळाच्या टाळूतलं तेल त्यांनी कापसानं टिपून घेतलं होतं आणि त्या खळग्याकडे बघायचं त्या टाळत होत्या.

दुपार कलताना बाळानं दोनदा ओढलं आणि झोपलं. पुन्हा उठवलं, पुन्हा ओढलं, या वेळी थोडं जास्त.

दिवे लागायच्या आधी, त्याला मांडीवर घेऊन त्या बसल्या असताना, मंदाताईंचं लुगडं गरम ओलं झालं. मांडीवरून ते खाली पसरत नव्या अभ्र्यावर गेलं. रंग गडद होता आणि वास उग्र. त्यांनी शामलाला हाक मारली आणि हात ओला करून तिला दाखवला, जणू काही मोठं सापडलं होतं. शामला हसू लागली. हसता हसता रडली. मंदाताई मात्र रडल्या नाहीत. त्यांनी लुगड्याचा काठ पिळला आणि दिवसभरात पहिल्यांदा कशाचाही वास त्यांना सहन झाला.

डॉक्टर येऊन बघून गेले. वेळेवर गारव्याला आणलंत, असं ते म्हणाले, रात्रभर असंच पाजत राहा. भालचंद्रपंत ओट्यावरच्या खाटेवर बसून सगळं ऐकत होते. आत यायला त्यांना मनाई होती. शेजारचे कुणी बसायला आले तर बैठक का बंद, याचं उत्तर ते स्वतःच देत होते, आणि आमच्या घरात शेगडी पेटत होती, हेही ते सांगत होते. मंदाताईंनी ते ताटीआडून ऐकलं. नवऱ्याबद्दलची दुपारची शिसारी थोडी कमी झाली. स्वतःबद्दलची झाली नाही. ती एवढ्यात जाणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. गल्लीत त्यांनी किती खोल्यांत शेगड्या पेटवल्या होत्या, ते त्या मनातल्या मनात मोजत होत्या. उद्यापासून एकेका घरी जाऊन सांगायला हवं होतं. पहिलं घर विजयाबाईंचंच होतं. त्यांची सून श्रावणात बाळंत व्हायची होती.

पाचवीच्या पूजेला सवाष्णी आल्या. हातात तबकं, डोक्यावर पदर. मागची खोली रिकामी पाहून त्या गोंधळल्या आणि बैठकीच्या दाराशी येऊन, एका हातानं ओली ताटी वर धरून, एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. विजयाबाई सगळ्यांच्या पुढे होत्या. पाटा कुठे मांडायचा, देवी बैठकीत येते का, आणि हा रिवाज कुठला, असं त्यांनी विचारलं.

बाळ दूध पीत होतं. मंदाताईंनी मान वर केली.

"आत यायचं असेल तर या, नसेल तर जा," त्या म्हणाल्या. "पण ती ताटी खाली सोडा. गारवा जातोय."